काळ्या पानांचं वाण

‘थंडीत हे झाड घरात घ्यावे’, अशी चिठ्ठी कुंडीसोबत आली होती. वाचून हसूच आलं. आमच्या रोडपालीत थंडी ती कितीशी? डिसेंबरात पहाटे एक शाल पुरते!

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी तीन हजारांचं कर्ज घेऊन काळसर पानांच्या मांसल झाडांच्या चाळीस छोट्या कुंड्या मागवल्या. बहुतेक एचेवेरिया, त्यातली ‘ब्लॅक प्रिन्स’ नावाची जात. गुलाबासारखी रचलेली पानं, रंग पिकल्या जांभळासारखा. गणपतीत विकू, असा बेत. मीच त्यांना हो म्हटलं होतं, म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटते.

गॅलरीच्या ग्रिलमध्ये कुंड्या मांडल्या आणि पाऊस सुरू झाला. जुलैअखेर ताईंचा फोन, “वहिनी, हात लावला की पानं गळतायत हो.” चाळीसातली नऊ उरली. हिरवं झाड कुजायला लागलं की पिवळं पडतं, आपल्याला कळतं. हे मुळातच काळं, त्यामुळे कुजकं कुठलं आणि चांगलं कुठलं, दिसतच नाही. बोटाने दाबून बघावं लागतं. पान टणक तर ठीक, मऊ पिचपिचीत लागलं तर बुड गेलंच म्हणून समजा.

एचेवेरियाचं माहेर मेक्सिको. तिथल्या अतानासिओ एचेवेरिया या वनस्पतींच्या चित्रकाराचं नाव तिला दिलंय. पानांत पाणी साठवायचं आणि दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री उघडायची, ही तिची काटकसर. अशा काटकसरी बाईला आपण चार महिने पाण्यात उभं केलं! युरोपात या झाडांना हिमापासून जपतात, कारण पानांतलं पाणी गोठलं की झाड संपलं. आपल्याकडे जपायचं ते पावसापासून.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाण्या झालो. जूनच्या पहिल्याच आठवड्यात कुंड्या पत्र्याच्या शेडखाली, वारा खेळेल अशा जागी नेल्या. माती निम्मी, उरलेली जाड वाळू आणि विटांचा चुरा. बुडाला भोक हवंच, आणि खालची ताटली काढून टाकायची (आपल्याला ताटली फार आवडते, फरशी खराब होत नाही ना!). पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंद. पानं किंचित सुरकुतली तरच घोटभर, तेही मातीत, पानांवर नाही. कापसासारखी पांढरी कीड दिसली तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपायची.

कळंबोलीच्या स्टील मार्केटचे ट्रक दिवसभर जातात, त्यामुळे आमच्याकडे धूळ भरपूर. पण पानं फडक्याने पुसू नका. त्यांच्यावर मेणासारखा थर असतो, तो गेला की पुन्हा येत नाही. मऊ ब्रशने धूळ हलकेच झटकायची.

त्या नऊ झाडांची खालची निरोगी पानं अख्खी काढून, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून नुसती मातीवर ठेवली. आपल्या पानफुटीसारखेच कोंब आले. सगळेच जगले नाहीत, पण बरेच जगले.

आणखी एक चूक उशिरा कळली. आम्ही गणपतीत विकायला निघालो होतो. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून ही झाडं तेव्हा हिरवट पडून लांबुळकी होतात. त्यांचा काळा रंग येतो तो उन्हाने आणि गार रात्रींनी. म्हणजे चिठ्ठी म्हणत होती तेव्हा घरात घ्यायचं सोडाच, आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांना बाहेर उन्हात ठेवायचं. मात्र शेडमधून एकदम कडक उन्हात नको, पानं भाजतात. आधी सकाळचंच ऊन द्यावं.

तेव्हा आता ताई संक्रांतीला विकतात. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे देण्यापेक्षा हे वाण बायकांना आवडलं. काळ्या साड्या आणि हातात काळी झाडं! कर्ज फिटलं. वाण देताना ताई प्रत्येकीला बजावतात, “घरी गेल्या गेल्या पाणी घालू नका हं. आठ दिवस नुसतं बघा.”