नांदेडची खुली जागा आणि आपली मते

निवडणुकीचा निकाल लागला की नांदेडच्या काय आणि लातूरच्या काय, कोर्टाच्या आवारात आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. ‘वकीलसाहेब, यावेळी तुमच्या माणसाने कोणाची मते खाल्ली?’ विचारणारे बहुतेक आमचे मित्रच असतात. त्यांच्या मनात पाप नसते. पण हा प्रश्न असा आहे की जणू मते म्हणजे कोणाच्या तरी वाड्यातली कणगी आहे आणि आपला उमेदवार रात्री येऊन त्यातले दाणे चोरून नेतो. मत मतदाराचे असते, पक्षाच्या सातबाऱ्यावर ते चढलेले नसते, ही साधी गोष्ट संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षे झाली तरी आपल्या शिकलेल्या मित्रांना सांगावी लागते. म्हणून या प्रश्नाचे एकदा नीट उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी १९८७ पासून सुरुवात करावी लागेल.

मार्च १९८६ मध्ये शंकरराव चव्हाण पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्या जागेवर त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण यांना उभे केले. वडील मुख्यमंत्री, जिल्हा घरचा, साखर कारखान्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत सत्ता हाताशी. त्यांच्यासमोर उभे राहिले बाबासाहेबांचे नातू, तिशी नुकतीच ओलांडलेले अ‍ॅड. बाळासाहेब आंबेडकर. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वस्तीत लागलेले निळे झेंडे आणि भाकरी बांधून सायकलींवर गावोगाव निघालेली माणसे एवढेच आम्हाला आठवते. निकाल लागला तेव्हा अशोक चव्हाण निवडून आले होते आणि बाळासाहेब पडले होते. वस्तीत त्या रात्री चुली उशिरा पेटल्या.

ही लढाई कोणत्या काळात झाली ते तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटवली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९८७ उजाडले तरी ठराव कागदावरच होता. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. त्याच्या आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, याच नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. म्हणजे बाळासाहेबांची उमेदवारी पोचीराम आणि गौतम या दोन शहिदांच्या मधल्या काळातली आहे. ज्या गावात नऊ वर्षांपूर्वी घर जळाले, त्याच गावात मुख्यमंत्र्यांच्या मुलाविरुद्ध शिक्का मारून लोक आपापल्या घरी परतले. त्या मतांना कोणी ‘खाल्लेली मते’ म्हणत असेल तर त्याने आधी टेंभुर्णीला जाऊन यावे.

आता कायद्याचा मुद्दा. तो आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही. अनेकजण विचारतात की, बाळासाहेब तेव्हा राखीव जागेवरून का लढले नाहीत? उत्तर असे आहे की, त्यांना तसे लढताच आले नसते. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना आणि १९५६ पासून सर्व शीख अनुसूचित जातींना होता. बौद्धांना तो नव्हता. महाराष्ट्र सरकारने शिक्षण-नोकरीतल्या आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण लोकसभेच्या आणि विधानसभेच्या राखीव जागांचे दार बंदच राहिले. १९६२ ला नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. कारण एकच, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ हा निकाल आम्ही कायद्याच्या वर्गात वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. बुद्धाला शरण गेलेल्या माणसाला राखीव जागा नाही, आणि खुल्या जागेवर त्याला तिकीट द्यायला कोणी तयार नाही! हे दार १९९० ला व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायदा दुरुस्त झाल्यावर उघडले. तोपर्यंत, म्हणजे तब्बल चौतीस वर्षे, दिल्लीला जाण्यासाठी बौद्धासमोर खुली जागा हाच एक रस्ता होता. त्यामुळे १९८७ ची खुल्या जागेवरची उमेदवारी कोणाचा हट्ट नव्हता. कायद्याने दुसरी वाटच ठेवली नव्हती.

त्याआधीचा नांदेडचा इतिहासही आपण विसरलो आहोत. १९५७ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले नांदेडमधून लोकसभेवर निवडून गेले होते. तेव्हा नांदेड द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. या पद्धतीत आपला उमेदवार निवडून यायचा तर दुसऱ्या समाजाचे दुसरे मत त्याला मिळावे लागे. ते मिळाले नाही तर काय होते हे खुद्द बाबासाहेबांनी सोसले आहे. १९५२ ला मुंबईत काजरोळकरांसमोर ते सुमारे १४ हजार मतांनी पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बोरकरांसमोर सुमारे ८ हजारांनी पडले. मुंबईत मते कुजवण्याचा प्रचार झाला म्हणून बाबासाहेबांनी निवडणूक याचिकाही दाखल केली होती. भंडाऱ्यात मात्र आपल्याच काही कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवण्याचा सल्ला दिला तेव्हा त्यांनी तो मानला नाही. संविधान लिहिणाऱ्या माणसाने हरणे पत्करले, पण मत वाया घालवा असे तो म्हणाला नाही. आज आपल्याला ‘मते खाणारे’ म्हणणाऱ्यांनी आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री मते विकणाऱ्या आपल्यातल्या काही जणांनीही हा प्रसंग आठवावा.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. नांदेड खुला झाला आणि शेजारचा लातूर राखीव झाला. लातूरमधून १९६२, १९६७ आणि १९७१ ला काँग्रेसचे तुळशीराम कांबळे निवडून आले. पुढे लातूर खुला झाला, शिवराज पाटील तिथून सात वेळा खासदार झाले, आणि २००९ पासून तो पुन्हा राखीव आहे. या चार निवडणुकांत जयवंत आवळे, सुनील गायकवाड, सुधाकर शृंगारे आणि डॉ. शिवाजी काळगे असे चार वेगवेगळे खासदार झाले. आवळे तर कोल्हापूर जिल्ह्यातून आणले होते. आमचा कोणाही व्यक्तीवर राग नाही. पण राखीव मतदारसंघात उमेदवार दिल्ली-मुंबईत ठरतो, त्याला निवडून कोणाच्या जिवावर यायचे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि मग अन्याय-अत्याचाराच्या वेळी तो कोणाच्या तोंडाकडे पाहतो हेही आपण पाहतो. १९३२ च्या पुणे कराराने जे आपल्या पदरात पडले, त्याचे फळ लातूरमध्ये दर पाच वर्षांनी दिसते.

याउलट खुल्या जागेवर काय होऊ शकते ते १९९८ ला दिसले. त्या वर्षी बाळासाहेब आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून असे रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले. चारही जागा खुल्या होत्या. काँग्रेसशी समझोता होता हे खरे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. समझोता म्हणजे देवाणघेवाण. त्यांची मते आपल्याला मिळाली आणि आपली त्यांना. तेव्हा कोणी कोणाची मते खाल्ली असे कोणी म्हणाले नाही!

आता २०१९ कडे येऊ. वंचित बहुजन आघाडीने नांदेडच्या खुल्या जागेवर प्रा. यशपाल भिंगे यांना उभे केले. त्यांना १,६६,१९६ मते पडली. भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर ४०,१४८ मतांनी निवडून आले आणि अशोक चव्हाण पडले. झाले! ‘वंचितने भाजपला निवडून आणले’ ही आवई उठली ती आजतागायत थांबलेली नाही. पण त्याच दिवशी शेजारच्या लातूरमध्ये वंचितचे राम गारकर यांना १,१२,२५५ मते पडली आणि भाजपचे शृंगारे काँग्रेसपेक्षा २,८९,१११ मतांनी पुढे होते. आपली सगळी मते काँग्रेसच्या पारड्यात टाकली असती तरी ते पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले असते. २०१४ ला तर वंचित आघाडी जन्मालाही आली नव्हती, आणि लातूरला काँग्रेस अडीच लाखांहून जास्त मतांनी पडली होती. ती मते कोणी खाल्ली?

आणि पुढचा अध्याय तर सर्वांनी डोळ्यांनी पाहिला. ज्यांच्या पराभवासाठी आपल्याला पाच वर्षे दोषी धरले, ते अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच भाजपमध्ये गेले आणि भाजपतर्फे राज्यसभेवर पोहोचले. आपण कोणाला दिलेली मते भाजपला मदत करणारी ठरली असती, याचा हिशेब आता त्या मित्रांनीच मांडावा.

इथपर्यंत वाचून आपले कार्यकर्ते खूश झाले असतील. पण वकिलाने उलटतपासणी फक्त समोरच्या पक्षाची घ्यायची नसते. आता आपली स्वतःची घेऊ.

१,६६,१९६ मते घेऊनही नांदेडला आपली अनामत रक्कम जप्त झाली. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला तरच अनामत परत मिळते, आणि तेवढी मते आपल्याला पडली नव्हती. तरीही या आकड्याला मोल होते. नांदेडच्या खुल्या जागेवरची मते लातूरच्या राखीव जागेवरच्या मतांपेक्षा सुमारे ५४ हजारांनी जास्त होती. बौद्धांबरोबर धनगर, मुस्लिम आणि लहान-लहान ओबीसी जातींतली माणसे एका चिन्हावर आल्याशिवाय हे होत नाही. त्याच निवडणुकीत औरंगाबादच्या खुल्या जागेवर मित्रपक्षाचे इम्तियाज जलील आपल्या मतांच्या साथीने निवडूनही आले. मराठवाड्यात असे काही घडू शकते हे सिद्ध झाले होते. मग आपण त्याचे काय केले? मित्रपक्षाशी युती काही महिन्यांतच, विधानसभेच्या तोंडावर, तुटली. प्रा. भिंगे राष्ट्रवादीत गेले आणि २०२० मध्ये राज्यपालनियुक्त आमदारकीच्या यादीत त्यांचे नाव झळकले. ते का गेले याची चर्चा आम्ही करत नाही. पण देगलूर आणि मुखेडच्या तांड्यावाड्यांत ज्यांनी पहिल्यांदा आपल्या चिन्हासमोरचे बटण दाबले, त्यांच्याकडे नंतर कोण गेले? त्यांची नावे कोणाच्या वहीत आहेत?

उत्तर २०२४ ने दिले. नांदेडला आपली मते सुमारे ९२ हजारांवर आली, लातूरला सुमारे ४२ हजारांवर. संविधान धोक्यात आहे या भावनेने आपल्या समाजाने दोन्हीकडे काँग्रेसला मते दिली आणि दोन्ही जागांवर काँग्रेस निवडून आली. त्यासाठी समाजाला शिव्या देणारे कार्यकर्ते आम्हाला भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. ‘मत मतदाराचे असते’ हे आम्ही काँग्रेसवाल्यांना सांगतो, तर ते आपल्यालाही लागू आहे. त्याच नोव्हेंबरमध्ये वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नांदेडला पोटनिवडणूक झाली. त्यात काँग्रेस अवघ्या १,४५७ मतांनी जिंकली आणि आपल्या उमेदवाराला सुमारे ८० हजार मते होती. म्हणजे पडत्या काळातही ही जागा कोणाकडे जाणार हे ठरवण्याइतकी मते आपल्याकडे आहेत. नाही ती संघटना.

बाळासाहेबांच्या स्वतःच्या लढतींतून हाच धडा मिळतो. नांदेडला ते पडले आणि पुढे त्यांनी अकोला गाठले. अकोल्यात १९८९ पासून भाजपचे पांडुरंग फुंडकर सलग तीनदा निवडून आले होते. तिथेही बाळासाहेबांना पराभव पचवावा लागला, पण ते तिथून हलले नाहीत. माळी, धनगर, कुणबी, मुस्लिम अशा घरांत कार्यकर्ते उभे राहिले, जिल्हा परिषद हाती आली, आणि १९९८ व १९९९ ला लोकसभा जिंकली. ‘अकोला पॅटर्न’ म्हणतात तो हाच. २००४ पासून २०२४ पर्यंत ते तिथे पाचही वेळा हरले, तरी आजही अकोल्याच्या प्रत्येक निवडणुकीत त्यांना धरूनच गणित मांडावे लागते. नांदेडच्या वाट्याला त्यांची लढत आली, त्यांचा मुक्काम आला नाही. १९८७ ला सायकलींवर फिरलेली ती माणसे म्हातारी झाली, काही गेलीही. त्यांच्या गावांत पुढच्या पिढीचा माणूस आपण नेमला नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आपल्याच नेत्यांकडे आहे. पुढच्या लोकसभेचा नांदेडचा उमेदवार आत्ताच ठरवा आणि तो पडला तरी दहा वर्षे बदलू नका. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर मिळणारा नमुना १७-सी गोळा करून जपून ठेवा. मतमोजणीचे केंद्रवार आकडे त्याशेजारी मांडा. त्यावरून कोणत्या गावात बौद्ध वस्ती नसताना आपल्याला मते पडली ते कळेल. त्या गावात पुढच्या महिन्यात जा. मते मागायला जाऊ नका. कोणाचे रेशन अडले आहे, कोणाची जमिनीची मोजणी अडली आहे, ते विचारायला जा. हे काम आम्ही वकील मंडळी फी न घेता करायला तयार आहोत.

तोपर्यंत कोर्टाच्या आवारात तो प्रश्न पुन्हा येईल. आम्ही उत्तर देऊ की, नांदेडमध्ये आमच्या माणसाने कोणाचीही मते खाल्ली नाहीत. आम्हाला मिळालेली मते मात्र आम्ही दोनदा सांडली, एकदा १९८७ नंतर आणि एकदा २०१९ नंतर. तिसऱ्यांदा सांडली तर दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

जय भीम!