झेड कणाच्या हयातीचा हिशेब

सेकंदाच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश घ्यावा व त्याची दीडपट करावी, एवढेच ज्याचे सरासरी आयुष्य, तो बी-मेसॉन कणभौतिकीच्या दप्तरी दीर्घायुषीच समजला जातो. कारण प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावताना, सापेक्षतेने पदरात टाकलेल्या मुदतवाढीच्या बळावर, तो मरण्यापूर्वी काही मिलिमीटर मजल मारतो, आणि त्याच्या अपत्यांचे मार्ग सिलिकॉनच्या शोधकांतून मागे मागे आखीत गेले की त्याचे मृत्युस्थळ व पर्यायाने वय हाती येते.

झेड बोझॉनापुढे ही मोजपट्टी निरुपयोगी ठरते. त्याच्या हयातीत प्रकाशदेखील प्रोटॉनच्या व्यासाचा दशांश ओलांडू शकत नाही! तेथे हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा सिद्धान्तच उपयोगी पडतो: आयुष्य जितके अल्प, तितके वस्तुमान अनिश्चित. जिनिव्हाजवळ सर्न येथे १९८९ साली सुरू झालेल्या, २७ किलोमीटर परिघाच्या 'लेप' त्वरकात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींची ऊर्जा थोडथोडी बदलीत, दर ऊर्जेस किती झेड जन्मले याची नोंद ठेविली असता, ९१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टांपाशी आलेखाला शिखर आले. त्याची रुंदी सुमारे अडीच गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट भरली, आणि तीवरून आयुर्मान निघाले.

हे काम डोळ्यांत तेल घालून करावे लागले. चंद्राच्या ओढीने जमीन फुगे, तेव्हा त्या वर्तुळाचा परीघ सुमारे एक मिलिमीटरने बदले व त्याबरोबर कणांची ऊर्जाही. शिवाय पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रुळांतून झिरपलेली वीज चुंबकक्षेत्रात ढवळाढवळ करी, म्हणून प्रयोगाच्या नोंदींची गाड्यांच्या वेळापत्रकाशी रुजुवात घालण्याचा प्रसंग थोर थोर शास्त्रज्ञांवर आला.

हा खटाटोप केवळ आयुर्मानासाठी नव्हता. झेडच्या विघटनातून निघणारे न्यूट्रिनो शोधकयंत्रांना मागमूसही लागू न देता निसटतात. परंतु विघटनाची प्रत्येक जादा वाट आयुष्य घटविते व शिखर रुंदावते, त्यामुळे जे दिसले नाही त्याचीही शिरगणती रुंदीतून होते. एकूण रुंदीतून दृश्य विघटनांचा वाटा वजा करावा, आणि बाकीस एका जातीच्या न्यूट्रिनोच्या वाट्याने भागावे. याहून देखणी वजाबाकी प्रायोगिक भौतिकीत माझ्या तरी पाहण्यात नाही. लेपवरील चार प्रयोगांनी, ज्यांपैकी 'एल-३' या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते, सुमारे एक कोटी सत्तर लाख झेडांची छाननी करून २००६ साली अखेरचा आकडा प्रसिद्ध केला: २.९८४, चूकभूल ०.००८. हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच आहेत.