वारशाने आलेली शिकारीची सुरी : चकाकीपेक्षा जपणूक महत्त्वाची

नवी दिल्ली : आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पेटीतून शिकारीची जुनी सुरी निघाली, की घरातील पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते. ती घासून-पुसून लख्ख करावी. पाते काळवंडलेले असते, मूठ कोरडी पडलेली असते, चामड्याच्या म्यानावर बुरशी चढलेली असते. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, असे जे हाताशी असेल ते घेऊन काम सुरू होते आणि तासाभरात त्या वस्तूचे ऐंशी-शंभर वर्षांचे वय पुसले जाते. अशा सुऱ्यांची सर्वाधिक हानी गंजाने नव्हे, तर या तासाभरात होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

भारतातील कुटुंबांत आढळणाऱ्या या सुऱ्या साधारणतः दोन प्रकारच्या. एक, शेफिल्ड किंवा झोलिंगेन येथे घडवलेल्या आणि संस्थानिक, वनाधिकारी, लष्करी अधिकारी यांच्यामार्फत घरात आलेल्या. दुसऱ्या, स्थानिक लोहारांनी घडवलेल्या. पहिल्या प्रकारात पात्याच्या मुळाशी ठसा असतो, आणि तोच त्या सुरीचा जन्मदाखला. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही रोमन अक्षरे असतील, तर घडण व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ या दरम्यानची मानता येते. हा ठसा मुळातच उथळ असतो. पॉलिश पेपरचे चार-दोन हात त्याला पुरेसे होतात. म्हणून कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी सुरीची दोन्ही बाजूंनी, ठशासह, स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत.

त्यानंतरचा प्रश्न काळेपणाचा. गंजरोधक पोलाद शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले. त्यापूर्वीच्या सुऱ्या, आणि नंतरच्याही पुष्कळशा, साध्या कार्बन पोलादाच्या आहेत. अशा पोलादावर काळाच्या ओघात करडी, निळसर किंवा काळपट झिलई धरते. ती धातूला घट्ट चिकटलेली असते आणि खालच्या थराचे काही अंशी रक्षणही करते. तांबडा गंज वेगळा. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि धातूत खोल खड्डे पाडतो. काढायचा आहे तो हा तांबडा गंज. काळी झिलई राहू द्यायची आहे. हा एक भेद लक्षात ठेवला, तर निम्म्याहून अधिक चुका टळतात.

तांबडा गंज काढण्याची सौम्य रीत अशी : डागावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून सुरी दिवसभर तशीच ठेवावी आणि नंतर सुती कापडाने पुसावी. बराचसा गंज तेवढ्यानेच सुटतो. उरलेला बांबूच्या चपट्या काडीने किंवा तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडावा. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. अगदीच हट्टी डागांसाठी सर्वांत बारीक प्रतीचे स्टील वूल तेलात भिजवून वापरावे, पण तेही डागापुरतेच. लिंबू, चिंच व व्हिनेगर यांतील आम्ल गंजाबरोबर झिलईही खाते, शिवाय उघड्या पडलेल्या धातूवर नवा गंज लगेच धरतो. खड्डे बुजत नाहीत. ते तसेच राहू द्यावेत. पात्यावर सोन्याचांदीचे कोफ्तगरी काम असेल किंवा लाटांसारखी जोहरदार नक्षी दिसत असेल, तर घरी काहीच न करणे उत्तम.

धार लावण्याचा मोह विशेष घातक आहे. शस्त्रांना धार व चकाकी देणारा शिकलगार हा आपल्याकडचा जुना कारागीर. ‘सैकल’ म्हणजे पॉलिश या अरबी शब्दावरून त्याला हे नाव पडले. जाणता शिकलगार पाते तापू देत नाही. रस्त्यावरच्या विजेच्या साणेवर मात्र पात्याची कड क्षणात तापते. तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले की पोलाद निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते, म्हणजेच मूळ कठीणपणा निघून जातो. ते पुन्हा चढवायचे तर सगळे पाते नव्याने तापवून विझवावे लागते, आणि मग ती आजोबांची सुरी राहत नाही. ज्या सुरीने काही कापायचे नाही, तिला धार कशाला, हा साधा प्रश्न स्वतःला विचारावा.

स्वच्छ झालेल्या पात्यावर बोटांचे ठसे राहू देऊ नयेत. घामातील क्षार पुढच्या पावसाळ्यात नेमके त्याच आकाराचे गंजाचे डाग उमटवतात. खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडे सवय आहे, पण खाद्यतेले काही महिन्यांत खवट किंवा चिकट होतात आणि त्यांतील आम्लांश धातूला लागतो. खनिज तेलाचा पुसट थर, किंवा संग्रहालयांत वापरतात तसे सूक्ष्मस्फटिकी मेण, हे अधिक टिकाऊ उपाय होत.

मुठीचे प्रकरण अधिक नाजूक. जुन्या सुऱ्यांच्या मुठी लाकूड, हाड, सांबरशिंग किंवा क्वचित हस्तिदंताच्या असतात. शेफिल्डचे कारागीर सांबरशिंग भारतातूनच मागवत, त्यामुळे इंग्रजी पाते आणि भारतीय जंगलातील शिंग अशी जोडी सर्रास दिसते. शिंग पाणी शोषून फुगते आणि फार कोरडे पडले तर तडकते. ते भिजवू नये. किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ पुष्कळदा सेल्युलॉइडची निघते. तिला कापरासारखा वास येतो. जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले, की त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारचे पोलाद खाते. शिवाय हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही आहे. मूठ खरी की नकली हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच पाळू नये. अशी सुरी इतर वस्तूंपासून दूर, हवेशीर जागी ठेवावी.

म्यान ही सुरी ठेवण्याची जागा, हा समजही बदलायला हवा. कमावलेल्या चामड्यात उरलेली आम्ले व क्षार, आणि पावसाळ्यात त्याने धरलेली ओल, यांमुळे म्यानातच पाते सर्वाधिक गंजते. पितळी भागांवर हिरवा थर चढतो तोही तिथेच. सुरी आणि म्यान वेगवेगळी ठेवावीत, म्यानात कागद भरून त्याचा आकार राखावा, बुरशी घराबाहेर कोरड्या ब्रशने झटकावी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलल्या की दमट किनारपट्टीवरही काम भागते.

कायद्याची बाजू बहुतेक कुटुंबांच्या गावीही नसते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती वा शेतीकामासाठी नसलेली सुरी शस्त्रांच्या वर्गात मोडते. अशा शस्त्रासाठी परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत. नेहमीची शिकारीची सुरी या मापाहून लहान असते, खुकरी मात्र अनेकदा मोठी. घरात जपणे आणि सार्वजनिक ठिकाणी बाळगणे यांत फरक आहे. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश जारी असताना सुरी घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकते. विमानात ती हातातील सामानात नेता येत नाही.

मुठीमुळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो, ही बाब अधिक गंभीर. याच कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीवर पडदा टाकला. हस्तिदंतासारख्या, वरच्या अनुसूचीतील प्राण्यांपासून केलेली वस्तू वारशाने मिळाल्यास ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. तिची विक्री करता येत नाही. ठेवायची नसल्यास शासनाकडे स्वेच्छेने सोपवण्याची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीत आहे. सांबरशिंगाच्या मुठीची सुरी ऑनलाइन विकायला काढणे, किंवा तडकलेल्या मुठीसाठी बाजारात नवे शिंग शोधणे, हेही थेट वन्यजीव गुन्ह्याच्या वाटेने नेणारे आहे. मूठ तडकली असेल तर तशीच राहू द्यावी. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू परदेशी नेण्यावर पुरावशेष कायद्याचेही बंधन आहे. वयाबद्दल शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हाताबाहेरच्या कामासाठी इन्टॅकची संवर्धन केंद्रे किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील कला संवर्धन केंद्राकडे विचारणा करता येते.

खंडेनवमीला अनेक मराठी घरांत अशी सुरी वर्षातून एकदा बाहेर निघते. पूजेतील हळद-कुंकू, पाणी आणि फुले रात्रभर पात्यावर तशीच राहिली, तर सकाळी तिथे डाग दिसतो. कुंकू पाण्याऐवजी तेलात कालवून मुठीला लावावे, संध्याकाळी सुरी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवावा. त्याच दिवशी ती कोणाची, कोठून आली, कोणत्या जंगलात वापरली गेली, हे घरातील ज्येष्ठांकडून विचारून एका कागदावर लिहावे. तो कागद डब्यात ठेवावा. मुठीवर चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक निघत नाही.