चेरीच्या बहरातील वकिली

चैत्राच्या सुमारास वॉशिंग्टनच्या टायडल बेसिन या तळ्याकाठी चेरीला बहर येतो, तेव्हा अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांच्या वतीने आलेल्या तरुण मुली, खांद्यावरून आपापल्या राज्याच्या नावाचा पट्टा तिरपा घेऊन, वकिलाती आणि लोकप्रतिनिधींची दालने पालथी घालीत असतात. त्यांना ‘चेरी राजकन्या’ म्हणण्याचा शिरस्ता आहे; पण त्यांचे काम खरोखर वकिलाचे. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायचे, त्याचे नाव ध्यानात ठेवायचे, आपल्या मुलखाविषयीच्या प्रश्नाला पाठ केल्यासारखे न वाटणारे उत्तर द्यायचे, आणि तासन् तास उभे राहूनही चेहऱ्यावर शीण उमटू द्यायचा नाही, हे कसब केवळ रूपाच्या बळावर साधत नाही.

त्या वृक्षांचा इतिहासच मोठा नाजूक आहे. १९१० मध्ये जपानहून आलेली दोन हजार झाडे किडीमुळे जाळावी लागली. तरीही टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी १९१२ साली पुन्हा ३,०२० झाडे नजर केली. पर्ल हार्बरनंतर, डिसेंबर १९४१ मध्ये, त्यांपैकी चार कोणी तोडली आणि युद्धकाळात चेरीच्या बहराचा उत्सवही स्थगित झाला. युद्ध संपून पुरती तीन वर्षे लोटली नव्हती तोच, १९४८ च्या वसंतात, या राजकन्यांची प्रथा सुरू झाली, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

तळ्याकाठी १६५१ साली घडविलेला, माणसाहून उंच असा जपानी दगडी दीप आहे. १९५४ मध्ये तो वॉशिंग्टनला अर्पण झाला. उत्सवात तो उजळण्याचा मान या मुलींपैकीच एकीला मिळतो. दोन्ही देशांचे अधिकारी सभोवती उभे असताना तिला त्या दीपाशी जावे लागते, आणि त्या घटकेला तिच्या हाताच्या स्थैर्यावर सर्वांची दृष्टी खिळलेली असते.

या मुलींमधूनच उत्सवाची राणी निवडतात; ती मात्र परीक्षकांच्या मतांवर मुक्रर होत नाही. राज्यांची नावे असलेले चक्र फिरवतात, आणि ते ज्या नावाशी थांबेल त्या राज्याची कन्या राणी ठरते. मला ही रीत अत्यंत शहाणपणाची वाटते. कारण कौल दैवाकडे सोपविल्यावर एकमेकींशी चढाओढ उरत नाही, आणि पाठवलेली प्रत्येक मुलगी त्या पदास लायक असलीच पाहिजे, ही जबाबदारी आपोआप पाठवणाऱ्यांवर येते. निवड होताच जपानी मोती-व्यापारी मिकिमोतो यांनी १९५७ मध्ये दिलेला, १,५८५ मोत्यांचा सुवर्णमुकुट तिच्या मस्तकी ठेवतात. तो इतका जड की काही क्षणांतच उतरवून त्या जागी लहान मुकुट दिला जातो. आणि पुढे ती आपल्या देशाच्या वतीने जपानच्या दौऱ्यावर जाते.