परत न आलेल्या विमानांचा सबक

पालकसभेच्या दिवशी नववीच्या एका मुलाने वडिलांच्या मोबाईलवर आम्हाला एक फोटो दाखवला. "सर, एका बाजूचा पंखच नाही, तरी हे विमान नीट उतरलं म्हणतात. खरं आहे का?" आम्ही म्हटलं, खरं आहे. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा अख्खा तास याच प्रश्नावर गेला. तो तास आज वाचकांसमोर थोडक्यात मांडत आहोत.

पंख गेला, वेगाने तारलं

फोटोतलं विमान इस्रायली हवाई दलाचं एफ-15. 1 मे 1983 रोजी नेगेव्हच्या वाळवंटावर सराव चालू असताना त्याची स्कायहॉक विमानाशी टक्कर झाली. स्कायहॉकचा वैमानिक पॅराशूटने वाचला. एफ-15चा उजवा पंख जवळजवळ मुळापासून उडाला आणि विमान गरगरू लागलं. वैमानिक झिव्ही नेदिवी याने इंजिनांचा जोर वाढवला, तसं ते सावरलं. इंधनाच्या फवाऱ्यामुळे पंख गेल्याचं त्याला दिसलंच नाही, ते कळलं जमिनीवर उतरल्यावर!

हे कसं झालं? विमानाला वर धरते ती वाहती हवा. वेग दुप्पट केला तर वर उचलणारा जोर चौपट होतो. शिवाय एफ-15चं धड रुंद आणि चपटं असल्यामुळे तेही थोडा भार उचलतं. म्हणूनच विमान हवेत टिकलं. पण उतरताना वेग कमी करता येईना. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने, ताशी सुमारे 480 किलोमीटरने, ते धावपट्टीवर टेकलं.

टोपलीसारखं धड

दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. 1 फेब्रुवारी 1943 रोजी ट्युनिशियात बॉम्बफेक करून परतणाऱ्या अमेरिकेच्या बी-17 विमानाला जर्मन लढाऊ विमान धडकलं. शेपटीजवळचं धड जवळजवळ कापलं गेलं, शेपटीचा डावा आडवा पंख तुटून पडला. तरी केन्ड्रिक ब्रॅग याने ते अल्जीरियातल्या बिस्क्रा इथे उतरवलं. आतले दहाही जण सुखरूप होते. हे विमान त्याच अवस्थेत इंग्लंडपर्यंत गेलं, असं इंटरनेटवर फिरतं. ते खरं नाही.

विमानाचं धड बांबूच्या टोपलीसारखं असतं. भार एकाच खांबावर नसतो; बाहेरचा पत्रा, आतल्या फासळ्या आणि लांब पट्ट्या तो वाटून घेतात. टोपलीच्या चार काड्या तुटल्या म्हणून टोपली लगेच उसवत नाही, तसंच हे.

पुढे तर मार बसणार हे गृहीत धरूनच विमानं बनू लागली. 7 एप्रिल 2003 रोजी बगदादवर किम कॅम्पबेल या महिला वैमानिकाच्या ए-10 विमानाला मार लागला आणि हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण बंद पडली. पण या विमानात तारा आणि दांड्यांची जुन्या पद्धतीची सोयही ठेवलेली असते. हाताच्या ताकदीने विमान सांभाळत ती कुवेतच्या तळावर परतली. ए-10चा वैमानिक टायटॅनियमच्या टबमध्ये बसलेला असतो. खाली बगदादमध्ये आपापल्या घरात बसलेल्या माणसांभोवती असं कवच नव्हतं, हेही आम्ही मुलांना सांगितलं.

कवच कुठे लावायचं?

मग आम्ही फळ्यावर विमान काढलं. पंख, धड आणि शेपटीवर भरपूर ठिपके दिले, इंजिनावर एखाद-दुसराच. "मुलांनो, लढाईतून परत आलेल्या विमानांना अशी भोकं पडलेली आहेत. जाड पत्रा थोडाच आहे. कुठे लावाल?" सगळा वर्ग ठिपक्यांकडे बोट दाखवू लागला.

आणि इथेच सगळे फसतात! गोळ्या तर सगळीकडेच लागत असणार. मग इंजिनावर भोकं कमी का? कारण इंजिनावर मार बसलेली विमानं परत आलीच नाहीत. ज्या भोकांसह विमान घरी पोहोचलं, ती भोकं त्याने सोसली. कवच हवं ते जिथे भोकं दिसत नाहीत तिथे.

1943 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने हा हिशेब गणिताने मांडला. त्यांची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. ते धार्मिक ज्यू कुटुंबातले. हंगेरीच्या शाळांत शनिवारी हजेरी सक्तीची आणि यांचा तो इबादतीचा दिवस. म्हणून आईवडिलांनी त्यांना घरीच शिकवलं. पुढे नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ते अमेरिकेत गेले. 1950 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानं द्यायला आले आणि त्याच दौऱ्यात निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह त्यांचा मृत्यू झाला.

आपला हिशेब

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात गुणवंतांचा सत्कार होतो. व्हायलाच हवा. पण ती परत आलेली विमानं आहेत. जो मुलगा आठवीनंतर गॅरेजवर गेला, ज्या मुलीला घरी बसवलं, ती त्या हॉलमध्ये नसतात. त्यांना मार कुठे बसला? फी, लांबची शाळा, गणिताची भीती, की उर्दू माध्यमातून अचानक दुसऱ्या माध्यमात जाणं? सत्काराच्या यादीत याचं उत्तर सापडणार नाही. त्यासाठी त्यांच्याच दारात जावं लागेल.

यंदा आमच्या वर्गाच्या हजेरीपटात चार नावांवर लाल रेघ आहे. येत्या रविवारी आम्ही त्या चारही घरी जाणार आहोत. तुमच्या गल्लीत असं एखादं मूल असेल, तर तुम्हीही जाऊन या.