पन्नाशीच्या अलीकडच्या मोटारी

जुन्या मोटारींच्या ऑनलाइन जाहिराती चाळताना मारुतींच्या गर्दीत एखादी कॉन्टेसा भेटते. क्वचित सिपानी डॉल्फिनही. बंगळूरच्या सिपानीने १९८२ मध्ये ब्रिटिश ‘रिलायंट किटन’वरून काढलेल्या या गाडीचे अंग फायबरचे. ते गंजत नाही. खालची लोखंडी चौकट मात्र गंजते, आणि सुटे भाग भंगारात शोधावे लागतात.

त्याहून मोठी अडचण कागदांची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून, पर्यावरण कर भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’चा मान दिला तो ५० वर्षांवरील, मूळ रूप जपलेल्या गाड्यांना. १९८४ ते २००२ या काळात बनलेली कॉन्टेसा या दोहोंच्या मध्ये अडकते: जुनी आहे, पण वारसा नाही.

गोंदियात सीमेचीही भर पडते. एकीकडे मध्य प्रदेश, दुसरीकडे छत्तीसगड. जवळच्या गावातली जाहिरातही परराज्यातली असू शकते. तिकडची गाडी १२ महिन्यांहून अधिक इथे ठेवायची तर एनओसी, नवी नोंदणी आणि इथला कर आलाच. मग कुठे पाटीवर एमएच-३५ लागते. म्हणून फोटोआधी आरसी बुक पाहावे. त्याची मुदत संपली असेल, तर इंजिन सुरू होऊनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही.