बाळाचे बोलणे पडद्यातून येत नाही

वर्षा-सव्वा वर्षाचे बाळ जेवायला बसते, समोर मोबाईलवर गाणे लागते आणि तोंड आपोआप उघडते. दोन घास जास्त जातात, म्हणून आई निश्चिंत आणि आजीही खूश. हे चित्र आता घरोघरी दिसते. पुढे दोन वर्षांचे झाले तरी मूल बोलत नाही, तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून सगळे थांबतात. यात मोलाचे महिने वाया जातात.

नुसते शब्द कानावर पडून बोलणे येत नाही. त्यासाठी देवाणघेवाण लागते. बाळ हुंकार देते, आई त्याच्याकडे बघून तसाच हुंकार देते आणि थांबते. मग बाळ पुन्हा आवाज काढते. आळीपाळीने बोलायला ते इथेच शिकते. त्याने खिडकीकडे बोट दाखवल्यावर कुणी ‘हो, चिऊ बसलीय’ म्हटले, की त्याचे लक्ष असलेल्या वस्तूला त्याच क्षणी नाव मिळते. पडदा मात्र बोलतच राहतो. बाळाने काय केले याची त्याला दाद नसते.

अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून माणसे ज्यांच्याशी बोलली-खेळली, ती बाळे त्या भाषेतील ध्वनी ओळखू लागली. तेच चित्रफितीवर पाहणाऱ्या बाळांना काही लाभ झाला नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले.

बाळाशी बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. तेल लावताना, न्हाऊ घालताना, भाजी निवडताना जे चालले आहे तेच त्याला सांगावे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावे. मालवणी असो वा अहिराणी, घरची बोली उत्तम. हे काम एकट्या आईचे नाही. वडील, आजी-आजोबा, पाळणाघरातील ताई सगळ्यांचे आहे.

मात्र उशिरा बोलण्याचा सगळा दोष मोबाईलवर टाकू नये. सर्वांत आधी कान तपासावेत. दार आपटल्यावर बाळ दचकते, म्हणजे त्याला नीट ऐकू येते असे नाही. मंद किंवा ठरावीक आवाज ऐकू न येणारी मुलेही दचकतात. स्वमग्नतेची शक्यताही पाहावी लागते.

नऊ महिन्यांपर्यंत नावाला प्रतिसाद नाही, वर्षापर्यंत ‘बाबाबा’सारखे आवाज नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडता येत नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. येत असलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच जावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुलांची तपासणी करतात आणि गरज पडल्यास पुढील उपचारांसाठी पाठवतात. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारावे. मूल पुढे आपोआप बोलू लागले, तर तपासणीने काही बिघडत नाही. ऐकूच येत नसेल, तर मात्र वाट पाहण्यात शिकण्याचे वयच निघून जाते.